मी बसले की झोपणारा पडदा

५ नोव्हेंबर, बुधवार

दुरुस्तीवाला म्हणाला, "काकू, मॉनिटर कधी बंद पडतो ते रोज लिहून ठेवा. तारीख, वेळ आणि तेव्हा तुम्ही काय करत होतात. एवढंच." म्हणून येताना ही वही घेतली. पण 'एवढंच' लिहिणं मला जमणारं नाही. त्याला हवं तेवढं चिठ्ठीवर उतरवून देईन. वही माझी.

तर पहिल्यापासून. मी गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग मास्टर आहे. बाई असले तरी सगळ्या मला मास्टरच म्हणतात आणि मला ते आवडतं. सव्वीस वर्षं ब्राउन पेपरवर पेन्सिलीने आकार काढले आणि त्यावरून कापड कापलं. शाळेची पोरं, हॉटेलचे वाढपी, बँकांचे शिपाई, सगळे माझ्या कात्रीखालून गेलेत. माझं कटिंग अंगाला ओढतंय म्हणून एकदाही परत आलेलं नाही. हे मी चारचौघांत सांगत नाही. (सांगते.)

तीन महिन्यांपूर्वी मालकीणबाईंनी पॅटर्न काढायला संगणक आणला. मी सत्तावन्नाव्या वर्षी तो शिकले, आणि क्लासमधल्या विशीतल्या दोघींच्या आधी शिकले. लॅपटॉप टेबलावर उघडा ठेवायचा, बटणं त्याची वापरायची, पण बघायचं मागे उभ्या केलेल्या मोठ्या मॉनिटरवर. लॅपटॉपचा स्वतःचा छोटा पडदा आम्ही बंदच ठेवलाय. त्यावर बाही केवढी नि खिसा केवढा ते कळत नाही.

परवापासून हा मोठा पडदा मधेच काळा होतो. आधी 'सिग्नल नाही' म्हणतो, मग 'पॉवर सेव्हिंग' म्हणतो, निळा दिवा केशरी होतो आणि साहेब झोपतात. कुठलंही बटण दाबा, हलत नाहीत. लॅपटॉपचं मोठं बटण दाबलं तर एक डोळा उघडल्यासारखं करून पुन्हा गुडूप.

आणि हे नेमकं आत्ता, हॉस्पिटलची ऑर्डर हातात असताना! नर्सबाईंचे कुडते, पाच मापं, सगळे पॅटर्न संगणकावर काढायचे. एकोणीस तारखेला पाची मापांचे नमुने शिवून तयार हवेत, एकवीसला हॉस्पिटलात ट्रायल.

६ नोव्हेंबर, गुरुवार

९.४० काळा. १०.१५ काळा. ११.१० काळा, बाहीच्या मुंढ्याची गोलाई अर्धी झालेली असताना. १२ ला काळा. जेवून आल्यावर १.३० ते ३.१५ ठणठणीत! मग टाचण्यांचं काम काढलं, ४ वाजता परत येऊन बसले, तर पाच मिनिटांत काळा.

माझा निष्कर्ष: यंत्राला दुपारची विश्रांती लागते. सकाळी अंग जड, जेवणानंतर ताजंतवानं. माझं उलटं आहे, पण यंत्रापुढे काय बोलणार.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

दुरुस्तीवाला आला. माणूस सरळ आहे, हातात पिशवी, बोलणं कमी. वायर बदलली. सेटिंगमध्ये जाऊन 'कधीच झोपू नको' असं करून ठेवलं. मग तासभर स्वतः बसला. पडदा लख्ख. मी शेजारी उभी, मान डोलावत.

तो जिना उतरेपर्यंत मी बसले आणि पडदा काळा. खिडकीतून हाक मारली. तो वर आला, बसला, एक बटण दाबलं, पडदा लख्ख.

"काकू, मी बसलो की चालतो."

"मला दिसतंय ते."

"तुमचं आणि त्याचं पटत नाही बहुतेक."

मला हसू आलं नाही. शिलाईच्या ओळीतून मात्र खुसखुस ऐकू आली.

८ नोव्हेंबर, शनिवार

आठच दिवसांपूर्वी ह्याच बायकांनी माझा सत्कार केला होता. संगणकावरचा माझा पहिला पूर्ण पॅटर्न छापून निघाला तेव्हा सगळ्यांनी मिळून मला भेट दिली: मनगटावर बांधायची टाचणीउशी, आणि तीही लोहचुंबकाची. टाचणी नुसती जवळ नेली की टपकन चिकटते, टोचायची भानगड नाही. निवड चिमणीची. चिमणी म्हणजे आमची ओव्हरलॉकवाली, कापडाचे धागे सुटू नयेत म्हणून कडा मारणाऱ्या मशिनवर बसणारी. वय पस्तीस, दोन लेकरांची आई, तरी सगळ्यांची चिमणीच. पट्टा बांधताना म्हणाली, "मास्टर, आता तुम्ही खऱ्या मास्टर दिसता." मी म्हटलं, "आधी काय दिसत होते?" पण आतून सुखावले होते. ती उशी मी जेवताना तेवढी काढते, डब्यात टाचणी जायला नको म्हणून. मग टाचण्यांचं काम निघालं की परत बांधते. एरवी दिवसभर डाव्या मनगटावर. कुणी पाहुणं आलं की हात जरा वरच ठेवते.

आणि आता त्याच बायका पाठीमागे म्हणतात, मास्टरच्या हाताला पूर्वीचं यश राहिलं नाही. मी ऐकलंय. माझे डोळे चाळिशीचे आहेत, कान नाहीत.

घरी ह्यांना सांगितलं. हे तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत होते, आता निवृत्त. म्हणाले, "बंद पडलेल्या यंत्रापुढे माणसाने आधी स्वतःकडे बघावं." मी म्हटलं, माझ्यात काय बघायचंय? तर म्हणाले, "ते मी सदतीस वर्षं बघतोच आहे," आणि चहा ओतायला गेले. ह्यांना गंभीरपणे काही विचारायची सोय नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

मालकीणबाईंच्या टेबलावरचा मॉनिटर काढून माझ्याकडे लावला. तोही झोपला. माझा त्यांच्याकडे लावला. तो दिवसभर जागा. म्हणजे मॉनिटर निर्दोष. वायर निर्दोष. मग उरलं कोण?

पाचातली दोनच मापं झालीत, तीही जेवणानंतरच्या वेळात. संध्याकाळी मालकीणबाईंनी आत बोलावलं. ही मुलगी लहानपणी शाळेच्या दप्तरासकट माझ्या कटिंग टेबलाखाली बसायची, आज माझ्यासमोर हातात पेन फिरवत बसली होती.

"मास्टर, तुमच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण एकोणीसपर्यंत नाहीच झालं, तर कटिंग बाहेरून तयार घेते. तुम्ही मग तयार मालाची तपासणी बघा. बसून काम, डोळ्यांनाही बरं."

तपासणी! म्हणजे दारापाशी बसून दोरे कापायचे आणि बटणं ओढून बघायची. सव्वीस वर्षांनी. मी "बघू, ताई" म्हणाले आणि जिना उतरताना कठडा धरला. हे ह्या वहीबाहेर कुणाला कळायचं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज मी चिमणीला पकडलं.

डबा खाऊन हात धुऊन आले तर ही माझ्या खुर्चीत! मला पाहून ताडकन उठली, वही पदराआड केली. आजूबाजूच्या म्हणाल्या, रोजच बसते, तुमचा डबा संपेपर्यंत. आणि गंमत म्हणजे तिच्यापुढे पडदा कधी झोपत नाही.

मी नीट विचारलं असतं तर बरं झालं असतं, पण तीन वाजता मी टाचण्या लावून परत बसले आणि पडदा पुन्हा काळा झाला, तेव्हा माझं डोकंच फिरलं. सगळ्या ओळीसमोर म्हणाले, "माझ्या माघारी इथे नाक खुपसायचं, काहीतरी बिघडवून ठेवायचं आणि मग मास्टरला जमत नाही म्हणून हसायचं! माझी खुर्ची हवी असेल तर तोंडावर माग ना."

मशिनं थांबली. चिमणीचा चेहरा पांढरा पडला. ओव्हरलॉकवर झाकण घातलं आणि निघून गेली.

मी बरोबरच केलं. कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

चिमणी आली नाही. खुर्चीत कुणी बसलं नाही. ९.३० काळा, १०.०५ काळा, ११ काळा.

मग चिमणी नव्हती तर केलं कुणी?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सापडलं. मला सापडलं, कुणाच्या मदतीशिवाय, आणि हे मी जरा मोठ्या अक्षरात लिहितेय.

सकाळी काळ्या पडद्यासमोर बसून विचार केला. शर्ट ओढत असेल तर मी काय करते? सगळा शर्ट उसवत नाही. एक शिवण उसवते, अंगावर घालून बघते, मग दुसरी. इथे यंत्राच्या बाजूच्या सगळ्या शिवणी उसवून झाल्या: वायर, मॉनिटर, सेटिंग. न उसवलेली एकच बाजू उरली होती, ती खुर्चीत बसली होती.

म्हटलं, ठीक. चष्मा काढला. काळाच. गळ्यातला टेप काढला. काळा. बोटातलं टोपण, हातातली बांगडी, पायातल्या चपला. शिलाईतल्या बायका बघत होत्या, मास्टरला लागलंय तरी काय! मनगटावरची उशी शेवटी काढली, कारण कामाच्या वेळी ती काढायची वस्तू आहे असं मला वाटतच नव्हतं. टेबलाच्या पार कडेला ठेवली आणि मोठं बटण दाबलं.

पडदा लख्ख. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. उशी बांधून डावा हात बटणांशेजारी टेकवला. काळा. काढली, बटण दाबलं, लख्ख. सात वेळा केलं. सातही वेळा.

दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "लॅपटॉपच्या झाकणात छोटंसं चुंबक असतं, काकू. झाकण मिटलं की ते खालच्या बाजूला जवळ येतं आणि लॅपटॉपला कळतं, आता झोपायचं. तुमचं मनगट तिथे आलं की त्याला वाटतं झाकण मिटलं. तो झोपला की मॉनिटरला सिग्नल कुठून जाणार?" मग म्हणाला, "हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. कसं शोधलंत?"

"उसवून," मी म्हणाले.

आज एका दमात तिसऱ्या मापाचा पुढचा भाग, पाठ आणि बाही झाली. संध्याकाळी मालकीणबाई आल्या. "चालू झाला? काय होतं?"

मी म्हणाले, "वायर सैल होती."

खोटं आपोआप तोंडातून आलं, माझ्या आधी तेच बोललं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

तिसरं माप पूर्ण. मान दुखतेय, पण अशी रेघ पेन्सिलीने कधी आली नसती. दिवसातून दहा वेळा मागे सरून बघितलं. ओव्हरलॉक मात्र तिसऱ्या दिवशीही झाकलेलं. कापलेले नमुने कडा न मारता ढिगात पडलेत.

ह्यांना सगळं सांगितलं. उशी, चुंबक, सात वेळा, वायरचं खोटंसुद्धा. मला वाटलं, लिफ्टवाला माणूस, शोधाचं कौतुक करेल. केलंही. "शाब्बास," म्हणाले. मग पेपरात डोकं घालून, "आणि त्या मुलीला आता कोण सांगणार? वायर?"

जेवण गेलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

चिमणीच्या घरी जाऊन आले. तीन मजले, जिन्यात सायकली.

दार तिनेच उघडलं. 'या' म्हणाली नाही, पण बाजूला सरली आणि खुर्चीवरचे धुतलेले कपडे उचलून जागा केली. पाणी दिलं. मी पाणी संपवलं, पेला खाली ठेवला, आता करायला काहीच उरलं नाही.

"चूक माझी होती," मी म्हणाले. "तू यंत्राला काही केलं नव्हतंस. माझ्या मनगटावरच्या चुंबकाने ते झोपत होतं."

"म्हणजे मी आणलेल्या उशीने?"

"उशीने नाही. ती बांधून तिथे हात टेकवणारीने."

ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. कपड्यांच्या घड्या घालू लागली. "सगळ्यांसमोर बोललात, मास्टर. मी नऊ वर्षांत कुणाच्या सुईला हात लावला नाही."

"माफीही सगळ्यांसमोर मागते. उद्या."

"मालकीणबाईंसमोर?"

मी रिकामा पेला उचलून परत ठेवला. "त्यांच्यासमोर."

इथे खरं लिहायचंय म्हणून लिहिते: मी चूक कळली म्हणून गेले, की एकोणीस तारखेला तीन दिवस उरले आणि कडा मारायला कुणी नाही म्हणून गेले? दोन्ही. किती कशाचं, ते मोजायला माझ्याकडे टेप नाही.

निघताना विचारलं, "तू जेवणाच्या सुट्टीत तिथे करत काय होतीस?"

तिने मुलांच्या दप्तराखालून ती वही काढली. पानापानांवर मुंढे, बाह्या, मापं. माझाच पॅटर्न, पण मोठ्या दोन मापांचा, आणि माझ्यासारखा नाही. म्हणाली, "तुम्ही प्रत्येक मापाला सगळीकडे सारखंच वाढवता. मोठ्या अंगाची बाई दंडात जास्त भरते, पाठीतही. नर्सला दिवसभर हात वर करायचे. अशीच वाढवली तर काखेत ओढणार. म्हणून मी बाहीचा घेर आणि पाठ थोडी जास्त धरून बघत होते. तुम्हाला दाखवायचं होतं, पण आधी नीट येऊ दे म्हटलं."

"ओढणार हे तुला काय ठाऊक? माझं कटिंग कधी परत आलेलं नाही."

ती घडी घालता घालता थांबली.

"येतं, मास्टर. मोठी मापं येतात. माझ्याकडे देतात. काखेत उसवायची, जादा कापडाची कळी लावायची, परत कडा मारायची."

"कधीपासून?"

"मी लागले तेव्हापासून."

"मला एकीनेही सांगितलं नाही!"

"तुम्हाला कोण सांगणार होतं?" हे ती रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती अगदी साधेपणाने म्हणाली.

परतताना बसस्टॉपवर उभ्या असलेल्या प्रत्येक बाईच्या काखेकडे माझं लक्ष जात होतं. दोघींनी पदर सारखा केला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सांगितलं. सकाळी मशिनं सुरू व्हायच्या आत, कटिंग टेबलाशी उभी राहून, मालकीणबाईंना मुद्दाम बाहेर बोलावून. चुंबक सांगितलं, वायर सांगितली, चिमणीला बोलले ते चुकीचं होतं हेही सांगितलं.

मालकीणबाई म्हणाल्या, "पण तुम्ही तर वायर सैल होती म्हणालात."

"ते खोटं होतं, ताई."

कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळ्याच हसल्या. हसू दे. सात वेळा बांधून सात वेळा काढल्याचं मी करूनही दाखवलं, तेव्हा शिलाईतली सगळ्यात तिरसट बाईसुद्धा उठून बघायला आली. शोध तो शोधच.

मग मी म्हणाले, "चौथं आणि पाचवं माप चिमणी काढेल. मी ओव्हरलॉकवर बसते." हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून आलं. ह्या खेपेला तोंडाने बरं केलं.

चिमणी खुर्चीच्या कडेवर बसली होती, कुणी उठवेल तर पटकन उठता यावं अशी. "पाठ टेकून बस," मी ओरडले. "रेघ वाकडी येते तशाने."

१९ नोव्हेंबर, बुधवार

पाची मापं शिवून, इस्त्री करून, संध्याकाळी साडेपाचला मालकीणबाईंच्या टेबलावर. ओव्हरलॉकच्या पात्याखाली मी दोनदा कडेबरोबर बाहीही कापली, चिमणीने नवी कापून दिली. तिच्या पाचव्या मापाच्या मुंढ्यात मला एक खोट दिसली होती. ती काढायला गेले तर खोट नव्हती, मला ती रेघ ओळखीची नव्हती इतकंच.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

हॉस्पिटलातली ट्रायल. मालकीणबाई, मी आणि चिमणी. एका रिकाम्या वॉर्डात पाच नर्स पाच मापांचे कुडते घालून उभ्या. हेड नर्स साठीच्या घरातली, चष्म्यावरून बघणारी. माझ्याच जातकुळीतली बाई, लगेच ओळखलं.

तिने कवायतच घेतली. खाली वाका. पलंग ढकला. पेशंटला उठवल्यासारखं करा. माझी तीन मापं एकेक करून पार पडली, कुठे सुरकुती नाही. माझी मान ताठ होत गेली.

मग पाचव्या मापाच्या नर्सला म्हणाली, "सलाइनची बाटली लाव. तो उंच स्टँड घे." चिमणीने माझा दंड घट्ट धरला. धरू दिला. ती नर्स टाचांवर उठली, दोन्ही हात डोक्यावर नेले, बाटली अडकवली, आणि तशीच उभी राहून म्हणाली, "अगं बाई! वर जातच नाही हा." हात खाली-वर, खाली-वर, लहान मुलीसारखे. "जुन्यात दर वेळी पोट उघडं पडायचं माझं."

ते जुने गणवेश कुणाच्या कटिंगचे होते, हे मी विचारलं नाही.

हेड नर्सने मंजुरीचा कागद पुढे ओढला. "तक्रार आली तर कुणाला धरायचं ते लिहावं लागतं. कटिंग मास्टर कोण?"

मालकीणबाईंनी माझ्याकडे हात केला. सव्वीस वर्षं ह्या प्रश्नाला एकच उत्तर आहे आणि ते द्यायला मी कधी दम घेतलेला नाही. आज घेतला.

"तीन मापं माझी," मी म्हणाले. "मोठी दोन हिची. दोन नावं लिहा."

"एकाच नावाची जागा आहे, बाई."

"मग बारीक अक्षरात लिहा."

तिने चष्म्यावरून आधी मला बघितलं, मग चिमणीला, आणि पेन टेकवलं. चिमणीचं खरं नावही मीच सांगितलं. 'सगळं माझं' म्हणण्यात जी ऐट आहे ती ह्यात नाही, खोटं कशाला लिहू. पण घरी येईपर्यंत मी मालकीणबाईंकडून त्या कागदाचा फोटो मागवून घेतला होता, आणि आल्या आल्या ह्यांना दाखवला. एका चौकटीत दोन नावं, मुंगीएवढी.

माझं आधी आहे. तसं मीच सांगितलं होतं.